पंचवीस वर्षांना नऊ महिने कमी

गॅरेजमध्ये थोडी जागा करावी, एवढंच मी ठरवलं होतं.

मोठे निर्णय घेताना सगळे आपल्याला सावध करतात. लग्न करतोस? विचार कर. घर घेतोस? विचार कर. पण गॅरेज आवरतोस म्हटल्यावर कुणी 'लोवेल, जरा थांब' म्हणत नाही. कुणी म्हटलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो, आणि बायकोच्या नजरेला नजर देताना मला चष्मा पुसायची गरज पडली नसती.

मी फर्न क्रीकच्या वाहन नोंदणी कार्यालयात दोन नंबरच्या काउंटरवर बसतो. बावीस वर्षं झाली. टॅकोमाचं बंदर आमच्यापासून चाळीस मैलांवर, त्यामुळे बोटीनं आलेल्या परदेशी गाड्याही नोंदणीला येतात. या बावीस वर्षांत मी किती अर्ज परत पाठवले असतील याची गणती नाही. कुणाची सही रेषेच्या खाली गेली, परत. कुणी तारखेत वर्ष आधी लिहिलं, परत. 'अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही' ही भिंतीवरची पाटी माझ्याच हस्ताक्षरातली आहे. (अक्षर चांगलं आहे. तेवढं तरी मान्य करा.)

तर असा हा माणूस एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता एका जपानी गाडीच्या प्रेमात पडला.

दोन सीटची, गडद निळी, बसकी स्पोर्ट्स कार. अमेरिकेत ती कधी विकलीच गेली नाही. फक्त जपानातल्या लोकांसाठी बनवलेली, म्हणून स्टिअरिंग उजव्या बाजूला. अशी गाडी इथं आणायची तर ती पंचवीस वर्षांची व्हावी लागते. त्याआधी सरकार तिला देशात पाऊल टाकू देत नाही. हा नियम मला पाठ होता. जपानी विक्रेत्याच्या वेबसाइटवर लिहिलं होतं: २०००. तेव्हा डिसेंबर २०२४ चालू होता. मी मनातल्या मनात हिशेब केला, सँडविचचा शेवटचा घास गिळला आणि म्हणालो, "झाली की पंचवीस!"

आमच्याकडे एक पद्धत आहे. दोन हजार सालचं मॉडेल म्हणजे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यानंतर कारखान्यातून निघालेली गाडी. कंपन्या पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच दुकानात लावतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच बघत आल्यामुळे जगात सगळीकडे असंच चालत असणार याबद्दल माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. जपानी माणूस २००० लिहितो तेव्हा त्याला खरोखरच २००० म्हणायचं असतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आता प्रश्न होता जागेचा. आमच्या भागात ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस. असली गाडी बाहेर ठेवणं पाप. आणि गॅरेजमध्ये उभी होती डोरीनच्या बाबांची पिकअप.

या पिकअपबद्दल सांगायलाच हवं. माझे सासरे अर्विन खेड्यापाड्यांतून टपाल वाटायचे. त्यांच्यानंतर तोच रस्ता, तीच एकशे चाळीस घरं माझ्या बायकोकडे आली, आणि तीच पिकअपही. पुढं सलग बाकासारखी सीट. डोरीन त्या सीटवर उजव्या खिडकीशी सरकून बसायची, डाव्या हातात स्टिअरिंग, डावा पाय लांबवून पेडलवर, आणि उजव्या हातानं रस्त्याकडेच्या पेट्यांत टपाल. हे तिला बाबांनी शिकवलेलं. मी एकदा करून पाहिलं आणि एक पेटी खांबासकट घरी घेऊन आलो.

तीन वर्षांपूर्वी पोस्टानं तिला उजव्या स्टिअरिंगची पांढरी गाडी दिली, तेव्हापासून पिकअप गॅरेजमध्ये. डोरीन फक्त रविवारी ती काढायची, थर्मासमध्ये कॉफी घेऊन एकटीच नदीपर्यंत जायची आणि तासाभरानं परत यायची. तिथं ती काय करते, मी कधी विचारलं नाही.

गाडी कागदोपत्री माझ्या नावावर होती. अर्विननीच केलेली. आजारपणात त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "डोरीन कागद हरवते. तू कारकून माणूस, जपून ठेवशील. नाव तुझं लावतो. पण गाडी तिची, बरं का."

"म्हणजे काय बाबा, तिचीच," मी म्हणालो होतो.

डोरीन आठवड्यासाठी बहिणीकडे स्पोकेनला गेली. मी पिकअप अंगणात काढली आणि तिच्यावर 'विकणे आहे'चा कागद लावला. खरं सांगतो, दोन-तीन आठवडे कुणी फिरकणार नाही, तोवर तिला सावकाश समजावू, असाच माझा बेत होता. दोन तासांत हार्लन टीग हजर झाला. सत्तरीचा, टर्की पाळणारा, घाईचा माणूस.

"लोवेल, ही अर्विनची ना?"

"होती. आता माझी."

"डोरीनला चालेल?"

"तिला कुठं वापरायला लागते?" मी म्हणालो. (हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. मी कुणाच्या नावावर ढकलणार?)

कागद तयार करायला मला सहा मिनिटं लागली. आमच्या कार्यालयात तो विक्रमच असावा.

डोरीन परत आली. बॅग खाली ठेवली, गॅरेजचं दार उघडलं आणि उभी राहिली. मी तिथं फरशी धुऊन काढली होती, भिंतीवर गाडीचा फोटोही लावला होता.

"पिकअप दुरुस्तीला दिलीस?"

"नाही. म्हणजे... तुला एक सांगायचं होतं."

"काय?"

"विकली."

ती ओरडेल म्हणून मी तयारी करून ठेवली होती. जागा, नवी गाडी, तिलाही फिरवून आणीन, सगळी उत्तरं पाठ होती. तिनं फक्त विचारलं, "समोरच्या कप्प्यात बाबांचे हातमोजे होते. ते काढून ठेवलेस?"

मी तो कप्पा उघडूनही पाहिला नव्हता.

पुढची गंमत (गंमत कसली) अशी की हार्लनचं घर डोरीनच्याच टपालाच्या रस्त्यावर. सोमवारी ती कामावरून आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "हार्लनच्या अंगणात आहे. मागं टर्कीच्या खाद्याची पोती भरलीत. मी त्याच्या पेटीत दोन पाकिटं टाकली आणि पुढं गेले. रोज जायचंय मला तिथून, लोवेल. वर्षाचे तीनशे दिवस."

मी त्याच संध्याकाळी हार्लनकडे धावलो. "बाबा रे, परत दे."

"विकलेली वस्तू परत मागतोस? चांगली चालते की!" हार्लन म्हणाला आणि त्यानं माझ्या पायाशी एक टर्की सोडला. निदान मला तरी तो सोडल्यासारखाच वाटला.

फेब्रुवारीत मी मागवलेल्या गाडीची बोट टॅकोमाला लागली. कस्टमचे कागद करायला मी बेव्हर्ली नावाच्या एजंट बाई नेमल्या होत्या. त्यांचा फोन कार्यालयात आला तेव्हा मी एका गृहस्थाचा अर्ज परत करत होतो.

"मिस्टर हॅच, गाडी छान आहे हो तुमची."

"थँक्यू! कधी नेऊ?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबर? अहो, आत्ता फेब्रुवारी चाललाय."

"म्हणून तर सांगतेय. गाडी बनलीय नोव्हेंबर २००० मध्ये. पंचवीस वर्षं महिन्यासकट मोजतात. तुमची अजून चोवीस वर्षं तीन महिन्यांची आहे."

"पण ते २००० चं मॉडेल आहे! म्हणजे नव्व्याण्णव सालची!"

"ते आपल्याकडे. जपान्यांनी जेव्हा बनवली तेच वर्ष लिहिलं. जपानी कागदावर महिनाही आहे. वाचला नाहीत?"

"तो जपानीत होता."

"आकडे तर आकडेच असतात, मिस्टर हॅच. तुम्ही काय काम करता?"

मी जरा खाकरलो. "मी... कार्यालयात असतो."

"कसल्या?"

"वाहन नोंदणी."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. बाई हसत नव्हत्या हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

मार्ग तीन होते. गाडी परत जपानला पाठवायची, यंत्रात घालून तिचा चेंदामेंदा करून घ्यायचा, किंवा सरकारी कुलपाच्या गोदामात नोव्हेंबरपर्यंत ठेवायची. मी तिसरा पत्करला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझ्या टेबलावर केक होता. त्यावर क्रीमनं लिहिलं होतं: '२४ वर्षं ३ महिने'. आयडिया ग्रेटाची. ग्रेटा तीन नंबरच्या काउंटरवर बसते, तिला काम मीच शिकवलं. केक चांगला होता, पण मला दोन घासांपुढे जाईना.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी टॅकोमाला जाऊ लागलो. गोदामाला तारेचं कुंपण. पलीकडे, हिरव्या ताडपत्रीखाली, माझी गाडी. नीट बघितलं तर मागचं एक चाक दिसायचं. पहारेकरी ओळखीचा झाला.

"आलात? आज वारा आहे. ताडपत्री उडाली तर दार दिसेल."

आणि खरंच एकदा दार दिसलं. तो माझा उन्हाळ्यातला सर्वांत आनंदाचा दिवस.

घरी मात्र गॅरेज रिकामं. एवढी स्वच्छ, एवढी रिकामी जागा मी दुसरी पाहिली नाही. डोरीन माझ्याशी बोलायची. जेवण, वीज, छपराची गळती, सगळं बोलायची. फक्त गॅरेजचं दार तिनं पुन्हा उघडलं नाही. रविवारी मी निघालो की तीही तिच्या छोट्या गाडीतून कुठंतरी जायची. कुठं ते सांगायची नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. बहुतेक चर्चला जात असेल, असं मी धरून चाललो. माझ्यासाठी प्रार्थना करत असेल, असंही एकदा वाटून गेलं. (माणूस स्वतःविषयी काय काय समज करून घेतो!)

नोव्हेंबर उजाडला. गाडी पंचवीस वर्षांची झाली, कस्टममधून सुटली आणि आमच्याच कार्यालयात नोंदणीला आली. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करायला बंदी, म्हणून मी टोकन घेतलं आणि लोकांत बसून राहिलो. तीन नंबरवर बोलावणं आलं.

"गाडीचा नंबर अपुरा आहे," ग्रेटा म्हणाली.

"जपानी नंबर आहे. तो एवढाच असतो."

"अर्जात सतरा चौकोन आहेत. तुम्ही अकरा भरलेत."

"ग्रेटा, उरलेले सहा मोकळेच ठेवायचे असतात."

"एक चौकोन मोकळा राहिला तर अर्ज परत, असं मला शिकवलंय."

"कुणी?"

तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. रांगेतल्या लोकांनी मान वर करून पाटी वाचली. मागून कुणीतरी म्हणालं, "मार्चमध्ये यांनी माझा परत केला होता." मग आणखी दोघांनी आपापल्या तारखा सांगितल्या.

पोलिसांकडून नंबर तपासून आणा, परत. शिक्का पुसट आहे, परत. चौथ्या खेपेला नंबरप्लेट हातात पडली. ग्रेटा हळूच म्हणाली, "अभिनंदन, लोवेल. वाईट वाटून घेऊ नका. सगळं नियमाप्रमाणे होतं."

वाईट वाटलं होतं, पण ग्रेटाचं नव्हे. बावीस वर्षं माझ्या काउंटरसमोर उभं राहणाऱ्यांना कसं वाटत असेल, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ज्या गाडीसाठी एवढं सगळं केलं, ती पहिल्यांदा चालवताना मी कुठं गेलो असेन? समुद्रकिनारी? डोंगरात? मी सरळ हार्लनकडे गेलो. गोदामाच्या कुंपणाशी उभं राहून मी एक गोष्ट पक्की केली होती: ही गाडी हार्लनला द्यायची, पिकअप परत आणायची आणि डोरीनच्या हातात किल्ली ठेवायची. त्या नऊ मैलांत मला गाडीचा वेग, आवाज काहीही जाणवलं नाही. वळणाचा दिवा समजून मी दर वळणावर वायपर चालू करत होतो.

हार्लननं गाडीला फेरी मारली, सवयीनं डाव्या दारानं आत बसला आणि इकडं-तिकडं चाचपडला.

"लोवेल, स्टिअरिंग काढून ठेवलंस का?"

"पलीकडे आहे. उजव्या बाजूला."

"म्हणजे आता या वयात मी रस्त्याच्या कडेला बसून गाडी चालवू? हे टपालवाल्यांचं काम. आणि टर्कीचं खाद्य कुठं ठेवू? मांडीवर?"

"हार्लन, ही घे आणि पिकअप दे. वरचे पैसेही मागत नाही. डोरीनसाठी मागतोय."

तो बाहेर आला. टोपी काढून डोकं खाजवलं. "तुला तिनं काहीच सांगितलं नाही?"

"काय?"

"मार्चपासून दर रविवारी येते ती. किल्ली गाडीतच असते. नदीपर्यंत जाते, तासाभरानं आणून लावते. येताना घरचा गोड खाऊ आणते. ब्लॅकबेरीचा पाय."

मी तिथं अंगणात उभा होतो आणि माझ्याभोवती टर्की फिरत होते. म्हणजे दर रविवारी मी कुंपणाबाहेरून माझी गाडी बघायला जात होतो, आणि माझी बायको दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तिची गाडी मागून घेत होती. दोघंही एकाच वेळी घरातून निघायचो. वेगवेगळ्या दिशांना.

"मग तिला विक ना परत," मी म्हणालो.

"मीच म्हणालो तिला. एकदा नाही, दोनदा. पहिल्याच रविवारी म्हणालो, घेऊन जा पोरी, मला दुसरी मिळेल."

"मग?"

हार्लन माझ्याकडे बघायचं टाळत होता. "म्हणाली, राहू दे तुमच्याकडेच. इथं सुरक्षित आहे. घरी नेली तर तो पुन्हा विकेल."

हार्लननं खांद्यावर हात ठेवला आणि पिकअपच्या कप्प्यातून एक कागदी पिशवी काढून दिली. आत अर्विनचे हातमोजे होते. "हे मात्र ती नेत नाही. म्हणते, गाडीतच असू देत. पण तू एकदा बघून घे."

मी बघितले. तळव्यांचं कातडं झिजून गुळगुळीत झालं होतं. मग ते मी स्वतःच्या हातानं कप्प्यात परत ठेवले आणि घरी आलो.

त्या रात्री डोरीनला मी सांगितलं की हार्लनकडे गेलो होतो. चूक झाली, असंही सांगितलं. 'गाडी विकली ती चूक' एवढंच नाही. 'तिला कुठं वापरायला लागते' म्हणालो ती चूक. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "नदीवर बाबा मला गाडी शिकवायचे. तू कधी विचारलंच नाहीस." मग उठून तिनं माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. माफी होती की बटाटा जास्त झाला होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन आठवड्यांनी पोस्टाची पांढरी गाडी भर रस्त्यात बंद पडली. नवी यायला सहा महिने. तोवर ज्यानं त्यानं आपली गाडी वापरावी, असा हुकूम. सकाळी सहाला डोरीन स्वयंपाकघरात आली आणि तिनं हात पुढं केला.

"किल्ली."

"कसली?"

"उजवं स्टिअरिंग आहे ना तिला? हात थेट पेटीपाशी जातो."

मी किल्ली दिली. ताशी दीडशे मैल धावू शकणारी ती गाडी आता सकाळी साडेसहाला निघते, दर दोनशे फुटांवर थांबते आणि एकशे चाळीस घरं करून येते. बाजूच्या सीटवर टपालाचे ट्रे. छपरावर चुंबकानं चिकटवलेला पिवळा लुकलुकता दिवा, आणि मागं पाटी: 'सावधान, ही गाडी वारंवार थांबते.'

रविवारी मात्र ती मोकळी असते, कारण डोरीन तेव्हा हार्लनकडे असते. गेल्या रविवारी मी हिंमत केली. गाडी बाहेर काढली, खिडकी खाली केली आणि मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घेतला. दोन मैल सुखात गेले. मग एका फाटकाशी मिसेस ओस्टबी दोन्ही हात हलवत रस्त्यात आल्या. दिवा आणि पाटी काढायची मी विसरलो होतो, आणि छपरावर तो दिवा लुकलुकत होता.

"रविवारी टपाल?" त्या वाकून आत बघत म्हणाल्या. "आणि डोरीन कुठाय? तुम्ही कोण?"

"मी तिचा नवरा."

"अस्सं. बापाची पिकअप विकली ते तुम्हीच?"

"मीच."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, मग गाडी न्याहाळली, आणि समोरचं बॉनेट हातानं थोपटलं.

"बरं, जरा हळू चालवा हं. डोरीनची गाडी आहे ही."

कागदोपत्री ती माझ्या नावावर आहे, असं मी म्हणणार होतो. पण कागदोपत्री पिकअपही माझ्याच नावावर होती. मी 'हो' म्हटलं आणि ताशी वीस मैलांनी घरी आलो.